दादासाहेबांचं ताट परत जातं

कन्नडच्या बचत गटाच्या हॉलमध्ये बसलेल्या सगळ्या बायकांनी हातातल्या पोह्यांच्या ताटल्या एकदम खाली ठेवल्या. टीव्हीवर मालिका चालू होती. मला वाटलं, पोह्यांत खडा आला.

"पोहे बरे नाहीत का?" मी विचारलं.

"पोहे चांगलेत वो मॅडम," पुढं बसलेल्या शकूमावशी म्हणाल्या. गटाच्या अध्यक्ष त्याच. "पण ते उठले ना."

"कोण उठले?"

"दादासाहेब. भरल्या ताटावरून उठले. समोरचं माणूस उपाशी गेलं अन् आपुन कसं खावं?"

हे समजायला आधी माझं काम सांगायला हवं. मी प्रेक्षकांची मतं गोळा करते. टीव्ही चॅनेल आमच्या कंपनीला काम देतं आणि कंपनी मला गावोगाव पाठवते. काही घरांत टीव्हीला मीटर जोडलेला असतो. ती घरं कोणती, हे आम्हालाही कळू देत नाहीत. त्या मीटरवरून लोक कार्यक्रमाला कधी आले आणि कधी पळाले एवढं कळतं. का पळाले, हे मीटर सांगत नाही. त्यासाठी आठ-दहा जणांना एकत्र बसवायचं, एपिसोड दाखवायचा आणि बोलतं करायचं. याला ग्रुप डिस्कशन म्हणतात. बोलतं करणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. नाव भारी आहे, पण निम्मं काम स्वतःचं तोंड बंद ठेवण्याचं असतं.

मालिका देश घडवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या एका मोठ्या पुढाऱ्यावर होती. त्यांचं खरं नाव सांगायची मला परवानगी नाही, म्हणून दादासाहेब म्हणू. चॅनेलनं पैसा ओतला होता. पार्लमेंटचा सेट बघून डोळे दिपायचे. सुरुवातीला लोकही भरपूर आले. पण रोज पहिल्या ब्रेकनंतर थोड्याच वेळात आकडा धाडकन खाली यायचा. आमच्या भाषेत ड्रॉप. तो सगळ्यात वाईट मराठवाड्यात होता.

चॅनेलला वाटलं, भाषणं लांबली. त्यांनी भाषणं कापली. ड्रॉप तसाच. मग इंग्रजी संवाद काढले, मग दादासाहेबांच्या कोटाचा रंग बदलला. शेवटी कुणीतरी म्हणालं, चष्म्यामुळे डोळे दिसत नाहीत, म्हणून काही एपिसोड दादासाहेबांनी बिनचष्म्यानं देश चालवला. ड्रॉप हलला नाही.

मग मुंबईहून आमच्या शिरीष सरांचा फोन आला.

"मॅडम, या राउंडमध्ये कारण मिळालं नाही, तर मराठवाड्याचं काम नाशिकच्या टीमकडे जाईल."

"आणि आमचं ऑफिस?"

"मग ऑफिस कशाला लागेल?"

उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. पण त्यावर माझ्यासकट तीन घरं चालतात. ती काळजी घेऊनच मी कन्नडला गेले होते.

तिथं मला संस्थानांच्या विलीनीकरणावर प्रश्न विचारायचे होते. मी कागद बाजूला ठेवला.

"मावशी, ते टीव्हीत आहेत," मी म्हणाले.

"व्हय. टीव्हीत आहेत म्हणून काय उपाशी राहावं त्यांनी?"

मागून एक सून बोलली, "त्यांची बाई रोज गरम गरम ताट आणती. तेवढ्यात तार येती. हे उठतेत. ती बिचारी ताट झाकून आत नेती. रोजचंच."

"मग तुम्ही घरी काय करता?"

"आमच्याकडं साडेआठलाच जेवणं असतेत. मालक म्हणतेत, लाव दुसरं काहीतरी, घास उतरंना. मग आम्ही ती सासू-सुनांची मालिका लावतो. भांडतेत, पण जेवून भांडतेत."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. रोज पहिल्या ब्रेकनंतर ताट येत होतं आणि रोज परत जात होतं. लेखकानं तो प्रसंग त्याग दाखवायला घातला होता, आणि इकडं घराघरांत माणसं घास हातात धरून रिमोट शोधत होती.

पण आमच्या धंद्यात एका ग्रुपवर विश्वास ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सिल्लोडला पुरुषांचा ग्रुप होता. बरेचसे कापसाच्या व्यापारातले. मुद्दाम भजी ठेवली. ताट परत गेलं आणि भजीही थांबली. मी विचारलं, "इतिहास आवडत नाही का?"

दाढीवाले एक चाचा म्हणाले, "पसंद है ना मॅडम. आदमी बडा है. पन दस्तरखान से ऐसा उठता क्या कोई? अपना निवाला अटक जाता."

मग लासूर स्टेशनला मी उलटी परीक्षा घेतली. खायला काहीच दिलं नाही. चहासुद्धा नाही. लोक शेवटपर्यंत बसले. भाषण लई भारी, म्हणाले. विलीनीकरणावर दोघांचं भांडण होता होता राहिलं. फक्त जाताना एक आजोबा मला म्हणाले, "दादासाहेब जेवत नायत, तुमीबी जेवू घालीत नाय. कंपनी एकच दिसती."

माझी खात्री पटली. मी रिपोर्ट लिहिला. पहिलंच वाक्य होतं, 'नायक जेवत नाही.'

व्हिडिओ कॉल लागला. शिरीष सर, मालिकेचे लेखक आणि इतिहास सल्लागार असलेले एक वयस्क प्राध्यापक, असे तिघं समोर होते.

"ही चेष्टा आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. जिथं खायला दिलं तिथं हेच झालं."

"मी चॅनेलला काय सांगू? पार्लमेंट पाडा आणि स्वयंपाकघर बांधा?"

"स्वयंपाकघर आहेच, सर. तिथून ताट येतं. फक्त परत जातं."

लेखक दुखावले. "ते परत जाणारं ताट हा माझ्या मालिकेचा आत्मा आहे."

"असेल. पण त्या आत्म्यामुळे लोक चॅनेल बदलतात."

प्राध्यापकांनी घसा साफ केला. "तार आलेल्या संध्याकाळी ते जेवल्याचा लेखी पुरावा उपलब्ध नाही."

"न जेवल्याचा आहे का?"

ते थोडा वेळ कागद चाळत राहिले. "तसाही नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग संशयाचा फायदा देऊन जेवू द्या त्यांना."

कॉल संपल्यावर सरांनी मला वेगळा फोन केला. वाक्य बदला म्हणाले. 'कौटुंबिक प्रसंगांत भावनिक दुरावा जाणवतो' असं काहीतरी लिहा. मला खरंच राग आला. तसं लिहिलं असतं तर मीटिंग गोड झाली असती, दुराव्यावर एक वर्कशॉप झालं असतं आणि ड्रॉप जागेवर राहिला असता. मी म्हणाले, "सर, ऑफिस बंद करायचं तर करा. पण खाली माझी सही आहे, आणि लोकांनी मला जे सांगितलं तेच मी लिहिणार."

चॅनेलवाले सगळं करून थकले होते. ज्याचा चष्मासुद्धा काढून पाहिला, त्या माणसाला जेवू घालायला काय हरकत, असा त्यांनी विचार केला असावा. करून बघायला एक आठवडा मिळाला.

आता काय वाढायचं, यावर बैठक बसली. भाकरी दाखवली तर एक भाग खूश होईल, पोळी दाखवली तर दुसरा. कायदा विभागानं कळवलं, कुणाच्याही भावना दुखावणार नाहीत असा पदार्थ सुचवावा. वरण-भातावर एकमत झालं. मग तूप. प्राध्यापक म्हणाले, रेशनिंगचे दिवस होते, तूप दिसलं तर प्रश्न विचारले जातील. लिंबावर बराच काथ्याकूट झाला. एवढं ठरल्यावर कळलं, दादासाहेबांचं काम करणारे नट डाएटवर आहेत, ते भात खात नाहीत. त्यांना आकडे दाखवावे लागले. मग ते जेवले. एवढे रिटेक झाले की संध्याकाळी त्यांना संस्थानं विलीन करायचं त्राण उरलं नाही.

तो एपिसोड लागला आणि ड्रॉप गेला. सपाट रेघ. लोक दादासाहेबांबरोबर जेवले आणि जेवून झाल्यावर त्यांचं भाषण ऐकत बसले. आमचं ऑफिस राहिलं. शिरीष सरांनी एका कॉन्फरन्समध्ये या सगळ्याला इंग्रजीत एक झकास नाव दिलं आणि टाळ्या घेतल्या.

काही आठवड्यांनी पुन्हा ड्रॉप आला. या वेळी जेवण झाल्यावर. मी पुन्हा कन्नड गाठलं.

"मावशी, आता तर जेवतात ना ते?"

"जेवतेत की. पोटभर जेवतेत," शकूमावशी म्हणाल्या. "पण ती कवा जेवती?"

"कोण?"

"त्यांची बाई. ताट आणती, वाढती, वारा घालती, भांडी उचलती. तिचं ताट कवा कुणी दावलं का?"

मालिकेचे सगळे एपिसोड मी पाहिले होते, काही दोनदा. मला ते दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी वहीत लिहायला लागले तर मावशींनी पेन काढून घेतला.

"अन् तुमी? सकाळपासून ज्याला त्याला विचारून राहिल्या. तुमी जेवल्या का?"

जेवले नव्हते. त्यांनी तिथंच ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मी खाऊन संपवीपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

पुढच्या कॉलवर मी एवढंच सांगितलं, "नायिका जेवत नाही." या वेळी ही चेष्टा आहे का, असं कुणी विचारलं नाही. शिरीष सरांनी सवयीनं विचारलं, "प्रोफेसर, लेखी पुरावा?"

प्राध्यापकांनी या वेळी कागद चाळले नाहीत.

"बाईंच्या जेवण्याचा नाही," ते म्हणाले. "न जेवण्याचाही नाही. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलेलं नाही."

लेखकांनी खाली मान घालून लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात तिचं ताट आलं. दादासाहेबांच्या शेजारी. दारात तार घेऊन आलेला माणूस तिचं जेवण होईपर्यंत उभा राहिला. इतिहासात तो कधीच उभा राहिला नसेल. पण त्या संध्याकाळी कुणी चॅनेल बदललं नाही.

आता मी फील्डवर जाताना डबा नेते आणि ग्रुप सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर बसून खाते. लोक मग मोकळेपणानं बोलतात.