अजून झाली नाही मी

कोणी आपलं दुखणं सांगायला तोंड उघडलं, की ती वाहतूक पोलिसासारखा हात वर करायची. "थांबा काकू. मी अजून झाली नाही."

म्हणजे मानसतज्ज्ञ. कोराडीच्या आमच्या कॉलनीत ती समोरच्या दारी राहायची आणि नागपूर शहरात जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायची. मानसशास्त्रात बी.ए. झालं, एम.ए. झालं, तरी तिचं 'अजून झाली नाही' चालूच. तिची आई वैतागायची, "इतक्या शिक्षणात दोन पोरी डॉक्टर झाल्या असत्या वं!" मग ती पुन्हा समजावायची: आता प्रवेशपरीक्षा, मग मुलाखत, मग दोन वर्षं इस्पितळात मोठ्यांच्या हाताखाली, प्रबंध, आणि मग कुठे सरकारी नोंदणी. त्याआधी कोणाला सल्ला देणं म्हणजे पाप.

तुम्ही म्हणाल, मुलगी फार गंभीर. छे! एक नंबरची बडबडी. आणि दर वाक्यागणिक 'काहून', म्हणजे आमच्याकडचं 'का'.

तो 'काहून'च नडला. परगावी मुलाखतीत परीक्षकबाई रुग्ण होऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला घरी जायचं नाही." हिच्या तोंडून पटकन निघालं, "काहून?" बाईंनी सांगितलं, 'का' विचारलं की माणूस कारणं देत बसतो, दुःख सांगायचं राहूनच जातं. जागा मोजक्याच असतात. तिची गेली. पुढे कितीतरी दिवस ती बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसायची. मला फार वाईट वाटायचं.

मग तिनं 'काहून' सोडायचा पण केला. नागपूरकडे राहून! जरीपटक्याच्या बाजारात आम्ही दोघी गेलो, तर भाजीवाल्यानं वांग्यांचा भाव चढवला होता. ती "का..." म्हणाली, थबकली, श्वास घेतला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "भाव वाढला, तं तुम्हाले कसं वाटून राहिलं?"

भाजीवाला चक्रावला. "मले? मले तं बढिया वाटून राहिलं, ताई!"

पण ती ऐकत उभीच राहिली. मग त्याचा सूर हळूहळू उतरला. मुलीची सोयरीक मोडल्याचं त्यानं आपणहून सांगितलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. तेवढ्यात आमची बस गेली. शेवटी तो म्हणाला, "आता मी काय करू, ताई?"

तिचा हात वर. "मी अजून झाली नाही, दादा."

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. आम्ही कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा देऊन तिला गाडीत बसवून दिलं. बसमधली शेजारची जागा रोज कोणीतरी भरतं, पण माझा प्रवास लांबला तो लांबलाच.

परवा तिचा फोन आला. "काकू, झाली मी!" नोंदणी झाली होती आणि तिकडच्याच इस्पितळात नोकरीही लागली होती. मी शाबासकी द्यायला गेले आणि मला रडूच फुटलं.

पलीकडून तोच मऊ आवाज, "कसं वाटून राहिलं, काकू?"

मला एकदम परकं वाटलं. म्हटलं, "मी काय तुझी पेशंट आहे? 'काहून' विचार नं वं!"

ती खळखळून हसली. "बरं. काहून रडून राहिल्या वं काकू?"

मग मी कारणं देत बसले.