न जुळणारे बटाटे
काल कच्च्या बटाट्याच्या वासाने माझा गाल एकदम तापला. आनंद नगरच्या घरी बाबा मला बारावीची केमिस्ट्री शिकवायचे. त्या दिवशी धातूचा अणू म्हणून त्यांनी बटाटा घेतला, त्याला जोडलेले रेणू म्हणून तांब्याच्या तीन वाकवलेल्या तारा त्यात दोन्ही टोकांनी खुपसल्या आणि शेजारी त्याची आरशातली प्रतिमा म्हणून उलट्या वळणाच्या तारांचा दुसरा बटाटा ठेवला. "हे एकच की वेगळे?" "एकच," मी म्हणाले, "फिरवले की जुळतील." "फिरव!" मी फिरवला, पण डावा पंजा उजव्यावर बसत नाही तसा तो जुळला नाही, तशी बाबांच्या उजव्या हाताची थप्पड बसली. रागावले की बाबा हिंदीत जायचे. "और घुमा!" पुन्हा थप्पड. तार तळहातात घुसली, बटाटा लाल झाला, तरी मी फिरवतच राहिले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मारून जुळणार आहेत का ते?" तेव्हा बाबांनी दोन्ही बटाटे भिंतीवर फोडले. काल माझी बारावीतली मुलगी तसेच तारा खुपसलेले दोन बटाटे घेऊन बसली आणि म्हणाली, "मम्मा, हे तर एकच आहेत." मी डावखुरी. माझा हात उठला आणि कपाटाच्या आरशात मला उजवा हात उगारलेले बाबा दिसले. मी हात खाली घेतला, पण मुलीने डोळे आधीच घट्ट मिटून घेतले होते.