आईचा ‘न’

विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन वर्षं झाली तरी आईची बोली चांदीप गावचीच राहिली. पाण्याला ती पानी म्हणायची, लोण्याला लोनी, आणि बेल वाजली की आतूनच विचारायची, कोन हाय? मी शाळेतल्या बाईंच्या धाकाने ‘ण’ घोटून घेतलेला. मैत्रिणी आल्या की आईने फार बोलू नये म्हणून मीच पुढे पुढे करायचे.

नव्वदचं दशक संपताना मला एका विनोदी मालिकेत कामवालीचं काम मिळालं. एका भागात जेमतेम दोन वाक्यं. तालमीत गंमत म्हणून मी आईच्या ढंगात विचारलं, ‘‘पानी आनू का?’’ सगळे हसून बेजार. दिग्दर्शक म्हणाले, हेच ठेवायचं. पुढे माझे प्रवेश वाढत गेले, रस्त्यात लोक ओळखू लागले. पण लेखकाला ती बोली येत नव्हती, त्यामुळे शब्द मलाच पुरवावे लागत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी आईजवळ वाल सोलायला बसू लागले. माहेरचं विचारायचे, भातलावणीचं विचारायचे, सासूचं विचारायचे. ती खुलून बोलायची. मावशीला म्हणाली, पोरगी आता कुठं माझ्यापाशी बसायला लागली. मी हात धुवायला म्हणून उठायचे आणि आतल्या खोलीत जाऊन तिचे शब्द वहीत उतरवायचे. तेव्हा लाज वाटली नाही. खोटं कशाला सांगू?

एकदा तिने नव्या नवरीपणाची गोष्ट सांगितली. हातून मडकं फुटलं म्हणून सासूने दिवसभर पाण्याला शिवू दिलं नव्हतं. सांगताना तिचे डोळे भरले. मी ती गोष्ट तिच्याच शब्दांत मालिकेत वापरली.

तो भाग बघायला शेजारणी आमच्याकडे जमल्या होत्या. हसून हसून त्यांची पोटं दुखली. सुरुवातीला आईही हसली. मडक्याची गोष्ट सुरू झाली तशी ती उठून चहा ठेवायला गेली. चहा कोणी मागितला नव्हता.  नंतर मी तो विषय काढला नाही.

पुढच्या आठवड्यात मालिकेतली दोन माणसं घरी जेवायला आली. आईने अगदी जपून विचारलं, ‘‘पाणी देऊ?’’ मी चमकले. मग ती म्हणाली, केळीच्या पाणावर वाढते, आणि दुकाणातून लोणचं आणलंय. पाहुणे खळखळून हसले. एकजण मला म्हणाला, विनोद तुझ्यात कुठून आला ते आज कळलं. त्याला वाटलं, ती मुद्दाम करतेय. आई वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. एका वाक्यात मला ते थांबवता आलं असतं. मी पाहुण्यांबरोबर हसले. ते हसू मला आजही छळतं.

ते गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

‘‘बाय, मना शिकव. कुठं न बोलायचा, कुठं ण बोलायचा. तुझ्याकडं आता मोठी मानसा येतीन. तुझी लाज जायला नको.’’

तिच्या पायांवर डोकं ठेवायची ती वेळ होती. मी ‘आ’ करून, ‘ण’ म्हणताना जीभ टाळूला कुठे लावायची ते तिला दाखवू लागले.