खिडकीच्या तारखा

"एकही फाइल गेलेली नाही, ताई. सगळ्या जशाच्या तशा आहेत. वाजवून बघ हवं तर."

"वाजवून कळलं असतं तर तुझ्याशी कशाला बोलत बसले असते? सगळ्यांवर कालची तारीख पडलीये. आईने दोन वर्षांचं बोलणं काल एका दुपारीच उरकलं म्हणायचं."

"मग नावं बघ की."

"नावात तारीख घातलेली नाही."

"का नाही घातली? एवढी शिकलेली तू."

ताईने धाकट्या भावाच्या पुढ्यातला कीबोर्ड जरा जास्तच जोराने आपल्याकडे ओढला.

बाहेर तिला सगळे बोलतीबाई म्हणत. विजेच्या सामानाच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून ती अडलेल्या जिभांना वळण लावायची. तोतरी मुलं येत, पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेलेले म्हातारे येत. खोलीत मोठा आरसा, फुंकरीच्या सरावासाठी मेणबत्त्यांचा डबा आणि दोन खुर्च्या, एवढाच पसारा. त्यांच्या घरच्यांना ती एकच गोष्ट सांगायची: रोजच्या ऐकण्यावर जाऊ नका, पहिला दिवस आणि आजचा दिवस शेजारी ठेवून ऐका. रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं दिसत नाही, तसंच हे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आईलाच झटका आला. इस्पितळातून घरी आल्यापासून रोज नाश्ता झाला की आई माइकसमोर बसायची आणि एकच वाक्य म्हणायची, 'खिडकी उघडी ठेव.' त्यातले ख आणि ड तिला अडत, म्हणूनच ताईने ते निवडलं होतं. प्रत्येक दिवसाची एक फाइल, आणि नावं आईच्या तोंडाकडे बघून दिलेली: 'खिडकी-थकलेली', 'खिडकी-चिडून', 'खिडकी-हसत-पुन्हा'. तारीख काय, ती फाइलच्या अंगावर असतेच, असं तिला वाटायचं.

धाकटा पुस्तकं बांधायचा. हातात सुई-दोरा, बोलण्यातही टाका पक्का. त्याचं म्हणणं, आता हे पुरे. माइकपुढून उठल्यावर आई तासभर भिंतीकडे तोंड करून पडते, ते त्याला बघवत नव्हतं. ताई म्हणे, सुधारतेय ती. शेवटी दोघांचं ठरलं होतं की आज रविवारी सगळं पहिल्यापासून क्रमाने ऐकायचं, आणि जे ऐकू येईल त्यावर सराव चालू ठेवायचा की थांबवायचा ते ठरवायचं. त्याचीच तयारी म्हणून धाकट्याने काल जुना धापा टाकणारा संगणक निकाली काढला आणि माऊसने सगळं उचलून नव्यावर टाकलं. जुना पुसून देऊनही टाकला.

"थांब," ताई म्हणाली. "यादी आहे माझ्याकडे."

ही विद्या तिला, ती पूर्वी काम करायची त्या इस्पितळातल्या कॉम्प्युटरवाल्याने दिली होती. निवृत्त होताना त्याने काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालणारं बॅकअपचं एक साधन शिकवलं. तो म्हणायचा, फाइलमधला मजकूर एक आणि फाइलची ओळख एक. कधी जन्मली, कुणाच्या मालकीची, कुणी उघडायची, या सगळ्याला मेटाडेटा म्हणतात. तो वेगळ्या यादीत जपून ठेवता येतो आणि नंतर पुन्हा फाइलवर चढवता येतो. ताईने पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती, दोन ओळींची: वरची यादी जपण्याची, खालची परत चढवण्याची. दर रविवारी ती वरची ओळ न चुकता चालवायची, आणि नवी यादी जुनीच्या जागी जाऊन बसायची.

तिने यादी उघडली. तिच्यातही सगळीकडे कालचीच तारीख.

धाकटा खाली बघून म्हणाला, "रविवारी तू वरची ओळ चालवतेस ना, म्हटलं एक काम कमी. काल मीच चालवली."

म्हणजे खोट्या तारखा खऱ्यांच्या जागी त्यानेच नीट शिवून टाकल्या होत्या. ताईने डोक्याला हात लावला आणि मग, नको असताना, तिला हसू आलं. पायताण घालून ती दुकानावरच्या खोलीत जाऊन आली. तिथल्या ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्हवर पाच आठवड्यांपूर्वीची यादी होती. शेवटच्या पस्तीस फाइली खऱ्या तारखेविनाच राहणार होत्या, पण बाकीच्यांना तारखा मिळणार होत्या.

या वेळी तिने खालची ओळ टाइप केली. दाबण्याआधी दोनदा वाचली. पडद्यावर नावं भराभर वर सरकली आणि फाइली आपापल्या दिवशी जाऊन बसल्या.

मग दोघं ऐकायला बसले. दर महिन्याची एक फाइल. पहिल्या महिन्यात नुसता श्वास आणि घोगरा 'इ'. चौथ्यात 'खि'. आठव्यात पूर्ण 'खिडकी', धाकट्याने मान हलवली. बाराव्यात अख्खं वाक्य, आणि शेवटी आईचं ते नाकातलं हसू. ताईने विजयाने भावाकडे पाहिलं.

चौदाव्यात 'ठेव' सैल झालं. सोळाव्यात 'उघडी' नव्हतंच. ताईने ती फाइल पुन्हा लावली, मग तिच्या आगेमागच्याही चार लावल्या. चुकून वाईट दिवस निघाला असेल, असं ती पुटपुटली. बाविसाव्यात पुन्हा नुसतं 'खि', आणि त्यानंतर लांब शांतता, खुर्ची सरकल्याचा आवाज. फाइलचं नाव होतं 'खिडकी-चिडून'.

दहा महिने ती घसरण रोज तिच्या पुढ्यात बसून बोलत होती. लोकांना दिलेला सल्ला तिने घरात एकदाही पाळला नव्हता.

धाकट्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तो हलकेच म्हणाला, "डॉक्टरांना दाखवू या उद्या. सरावामुळे नसेल, दुसरंच काही असेल."

"आणि माझ्या नजरेतून सुटलं."

"सगळ्यांच्याच."

ताई वळली तेव्हा आई दारात उभी होती. काठीवर दोन्ही हात. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक, पण तिचा चेहरा स्वतःचाच आवाज ऐकून आलेल्या माणसासारखा झाला होता.

ताई उठून तिच्यापाशी गेली. शिकवताना ती हळू, तोंड स्पष्ट करून बोलायची. आत्ता तशी बोलली नाही.

"आई, मी तुला ओढत होते का गं? उद्यापासून बंद करू? तू सांगशील तसं."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या तारखांच्या रांगेकडे. सांगण्यासाठी ओठ एकदा हलले, शब्द निघाला नाही. तिने काठी उचलली, वळली आणि टेकत टेकत बाहेर निघून गेली.