विल्योचा अख्खा शर्ट

विल्यो हाउतामाकीबद्दल लिहायचं तर त्याच्या कपड्यांपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण विल्यो त्यांच्या आत कुठंतरी असायचा. माणूस किडकिडीत, पण नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला निघाला की दोन माणसांएवढा दिसे. त्याच्याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे बरेच होते. ते आता राहिले नाहीत, म्हणून मी लिहितोय, जमेल तसं.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्त्यांवरचा बर्फ लोटणारा ट्रक तो चालवायचा. आमच्याकडे सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की बर्फ पडत नाही, अंगावर धावून येतो. त्यामुळे थंडीबद्दल बोलायचा अधिकार विल्योला होताच. तो म्हणे, "थंडी देव फुकट देतो. ऊब तेवढी विकत घ्यावी लागते. मग ती पैसेवाल्यांसारखी कशाला घ्यायची?"

म्हणून त्यानं जन्मभर दुसऱ्याच्या अंगावरची लोकर विकत घेतली. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, आणि रानात चालताना आवाज करत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. पण ती जुन्या ढिगातून ओळखून काढणं हे विल्योचं काम. कापड उजेडासमोर धरून तो कसरीनं पाडलेली भोकं बघे. मग मानेला घासून बघे. खाजलं की खूश. शंका राहिली तर शिवणीतला एक धागा उपसून पेटवे आणि वास घेई. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, आणि धाग्याचा वितळून मणी झाला तर फसवणूक.

ही परीक्षा तो आमच्या चर्चच्या तळघरात घ्यायचा. दर ऑक्टोबरात बायका तिथं जुन्या कपड्यांची विक्री मांडत. मेलेल्यांचे, लठ्ठ झालेल्यांचे, पोरांकडे राहायला गेलेल्यांचे कपडे टेबलांवर येत. आमच्या रानात निम्मे शिकारी मेलेल्यांच्या कपड्यांत हिंडत आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. विक्रीवर हिल्याबाई बसायच्या.

"विल्यो, परत काडी ओढलीस?"

"एकच धागा, हिल्याबाई."

"गेल्या वर्षी एकच धागा म्हणालास आणि पाद्रीबाबांच्या काकांची बाही गेली. घ्यायचं तर घे, नाहीतर बाहेर जाऊन पेटव."

त्याची विजार मात्र लष्कराच्या जुन्या मालाच्या दुकानातली होती. कुठल्या सैन्याची ते दुकानदारालाही सांगता येत नव्हतं. जाड, करडी, आणि विल्योच्या कमरेला दोन मापं मोठी. मोठी तर मोठी; आत आणखी लोकर मावते, असा त्याचा हिशेब. ती खांद्यांवरून घेतलेल्या गॅलिसच्या पट्ट्यांवर लटके. त्याची बायको सायमा म्हणायची, "शिकारीला चाललायस की शरण जायला? ज्यांची ही विजार, ते लढाई नक्की हरले असणार."

सगळ्या पोशाखात नवी अशी एकच गोष्ट होती. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, करड्या लोकरीची बंडी. मागे दोन बटणांची झडप, परसाकडं जायच्या सोयीसाठी. ती त्यानं कॅटलॉगातून पूर्ण किमतीला मागवली होती आणि त्या दुःखात आठवडाभर साखरेशिवाय कॉफी प्याला होता. "वरचं कुणाचंही चालतं," तो म्हणे, "पण कातडीला लागतं ते आपलं असावं."

आता शर्टाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरून झालं.

आमच्या शिकारीच्या कॅम्पात एक रीत होती. रानातली ती लाकडी खोली आमच्यातल्याच रुडी नीमेलाच्या बापानं बांधली आणि रीतही त्यानंच घातली. ज्याची गोळी चुकेल त्याच्या अंगातल्या शर्टाचा मागचा लोंबता भाग कापून भिंतीवर खिळ्यानं ठोकायचा. आम्ही त्याला शेपूट म्हणायचो. भिंतभर शेपटं होती, आणि त्यात सगळ्यात जास्त विल्योची. नेम वाईट नव्हता त्याचा. घोडा ओढायच्या क्षणी तो विचार करायचा, एवढंच. त्यामुळे कॅम्पात तो नेहमी घरातला सगळ्यात भिकार शर्ट घालून येई, आणि शेपूट गेल्यावर उरलेले दिवस कमरेत गार वारा घेत बसे. पन्नाशीनंतर ती कमर धरायला लागली.

अशात हिल्याबाईंच्या टेबलावर तो शर्ट आला. फ्लोरिडाला राहायला गेलेल्या दाताच्या डॉक्टरचा. हिरव्या-काळ्या चौकटींचा, घोंगडीसारखा जाड, कधी अंगात न घातलेला, आणि मागून पार मांड्यांपर्यंत लांब. विल्योनं तो उजेडासमोर धरला. मानेला घासला. काडी काढली आणि परत खिशात ठेवली. हिल्याबाई नंतर सांगायच्या की त्यांनी विल्योला चर्चमध्ये हात जोडताना पहिल्यांदाच पाहिलं. एका पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीच्या, किमतीत शर्ट घरी आला.

सायमानं तो त्याच्या पाठीवर धरून बघितला. "हा घालून जा. कमर झाकेल."

"रानात? हा? रुडी कात्री घेऊन बसलेला असतो."

"मग चुकू नकोस! हे बघ विल्यो, मागल्या साली तू शेपूट गमावलंस आणि हरीणही आणलं नाहीस. सबंध हिवाळा आपण मासे खाल्ले. या वेळी मला मांस हवंय. आणि शर्टही अख्खा हवाय."

"दोन्ही?"

"दोन्ही. नाहीतर पुढच्या वर्षी कॅम्पात मी जाते आणि तू इथं लोणची घाल."

हे ती गमतीनं म्हणाली नव्हती. तिचा नेम त्याच्याहून चांगला होता.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला शिकारीचा हंगाम सुरू झाला. विल्यो त्याच्या ठरलेल्या जागी, जुन्या पडीक शेताच्या कडेला, खोडावर जाऊन बसला. तिथं सफरचंदाची रानटी झाडं होती आणि हरणं हमखास येत. संध्याकाळी तो परत आला.

"दिसलं काही?" रुडीनं विचारलं.

"नाही."

पण येताना त्याच्या खोडापासून हाकेच्या अंतरावर खुरांचे ताजे ठसे मी बघितले होते.

दुसऱ्या दिवशी माझी जागा समोरच्या उंचवट्यावर होती. तिथून मला विल्यो दिसत होता आणि शिंगवाला नरही. हरीण आडवं उभं. विल्योनं बंदूक उचलली, धरली, आणि खाली ठेवली. मागे हात नेऊन शर्टाचं शेपूट चाचपलं. पुन्हा बंदूक उचलली. पुन्हा ठेवली. हरीण कंटाळून निघून गेलं.

रात्री मी एवढंच म्हणालो, "विल्यो, आज त्याला पत्ता विचारत होतास का?"

"वारा उलटा होता," तो म्हणाला.

"वाऱ्याचं काय? गोळी काय गलबत आहे?" रुडी म्हणाला आणि सगळे हसले. विल्योनं शर्टाची घडी घालून उशाखाली ठेवली.

तिसऱ्या सकाळी तोच नर परत आला आणि झाडाखाली गोठलेली सफरचंदं खायला लागला. विल्यो मधे असल्यामुळे मला बार टाकता येत नव्हता. नुसता बघत होतो. हरणानं मान खाली घातली, तसा विल्योनं लाल कोट काढला, इतर शिकाऱ्यांना माणूस दिसावा म्हणून घालतात तो. मला वाटलं, कोट आड येत असेल. हरणानं मान वर केली, विल्यो खांबासारखा. मान खाली, शर्टाचं एक बटण. मान वर, खांब. मान खाली; दुसरं बटण. लोकरीचा आवाज होत नाही म्हणतात ते किती खरं, हे मी त्या दिवशी पाहिलं. कडाक्याच्या थंडीत एक माणूस हरणासमोर कपडे उतरवतोय आणि हरणाला पत्ता नाही.

पण गॅलिस शर्टावरून होते. ते खांद्यावरून उतरवल्याशिवाय शर्ट निघेना. विल्योनं ते उतरवले, शर्ट काढला, आणि त्याही घाईत त्याची घडी घालून खोडावर ठेवला. मग बंदूक खांद्याला लावली. नेमकी त्याच वेळी ती हरलेल्या सैन्याची विजार निघाली ती थेट गुडघ्यांखाली. बार झाला. फांदीवरचं एक सफरचंद उडालं. हरीण एवढ्या लांब उडीनं गेलं की मी आजवर तशी पाहिली नाही, आणि विल्यो लाल टोपी, करडी बंडी आणि घोट्याशी विजार अशा अवस्थेत उभा राहिला.

संध्याकाळी रुडीनं कॉफीचा कप बाजूला ठेवला.

"विल्यो, तुझ्या बाजूनं बार ऐकला."

"झाला खरा."

"हरीण?"

"गेलं."

रुडीनं खिळ्यावरची कात्री काढली. मेंढ्यांची लोकर कातरायची होती ती. विल्यो शांतपणे म्हणाला, "थांब. रीत काय आहे? अंगातल्या शर्टाचं शेपूट. गोळी चुकली तेव्हा माझ्या अंगात शर्ट नव्हता."

रुडीची कात्री हवेतच राहिली.

"साक्षीदार आहे," विल्यो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं.

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे कान लाल होतात. "खरं आहे," मी म्हणालो. "शर्ट खोडावर होता. घडी घालून."

"घडी घालून!" रुडी म्हणाला. "अरे गाढवा, करड्या बंडीत रानात उभा राहिलास? कुणी हरीण समजून तुलाच गोळी घातली असती म्हणजे?"

"टोपी लाल होती."

"टोपी! कोट काढून टोपी ठेवली, शहाणा." रुडी खरंच चिडला होता. जरा वेळानं तो माझ्याकडे वळला. "म्हणजे अंगात बंडी होती?"

"बंडीच."

"मग बंडीचं शेपूट."

"तुझ्या बापानं शर्ट म्हटलं होतं!" विल्यो ओरडला.

"माझ्या बापानं अंगातलं वरचं कापड म्हटलं होतं."

"तुझा बाप दारातून बाहेर पडेपर्यंत काय म्हणाला ते विसरायचा! आणि बंडीला शेपूट असतं का कुठं? दाखव बघू!"

इथं विल्यो चुकला. जिंकलोच अशा थाटात तो हात पसरून उभा राहिला.

"वळ," रुडी म्हणाला.

"कशाला?"

"वळ म्हणतो ना."

विल्यो वळला. रुडीनं तो लांबलचक शर्ट वर उचलला, विजारीची ढिली कंबर खाली ओढली. दोन बटणांची ती झडप सगळ्यांना एकाच वेळी दिसली. विल्योलाही आपल्या पाठीमागच्या शांततेवरून कळलं असावं.

"नाही! रुडी, शर्ट घे! शर्ट घे रे बाबा! बंडी नवी आहे, पूर्ण किमतीची आहे!"

"शर्टाचा काय गुन्हा?" रुडी म्हणाला. "तो तर घडी घालून खोडावर बसला होता."

खच्चकन आवाज झाला. झडप भिंतीवर ठोकली, बटणांसकट. सगळी भिंत शेपटांची, आणि मधोमध ती. आम्ही हसून हसून बाकांवरून खाली आलो. विल्यो तेवढा हसला नाही.

चौथ्या दिवशी तो परत खोडावर जाऊन बसला. बसला म्हणजे बर्फाळ लाकूड आणि तो यांच्यात आता ती सैन्याची विजार आणि दुमडून घेतलेलं शर्टाचं शेपूट, एवढंच होतं. तो इतका वैतागला होता की एक तरुण नर, शिंगं नावापुरतीच, समोर आला तेव्हा विचार करायचं राहून गेलं. एकच बार. आम्ही पोचलो तेव्हा हरीण पडलेलं, विल्यो त्याच्याकडे पाठ करून उभा आणि पुन्हा पुन्हा म्हणतोय, "लागली? बघा ना, लागली?"

मी त्याला माझ्या गाडीतून घरी सोडलं. सायमानं आधी गाडीवरचं हरीण बघितलं. मग नवऱ्याला गोल फिरवून शर्ट बघितला. शेपूट टोकापर्यंत हातानं तपासलं.

"अख्खा," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर त्याच्या गालाची पापी घेतली. "जा, सौना तापवलाय, वाफ घे. कपडे काढून दे, धुवायला टाकते."

"मी धुतो," विल्यो म्हणाला.

हे त्यानं म्हणायला नको होतं. तीस वर्षांच्या संसारात त्यानं एक मोजाही धुतला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझे कान पाहिले, आणि हात पुढे केला.

विल्योनं आत जाऊन उतरवून आणलेली बंडी तिनं उजेडासमोर धरली. झडपेच्या जागी पडलेल्या त्या खिडकीतून मला तिचा चेहरा दिसत होता.

"ही काय कसर लागली?"

विल्योनं सगळं सांगितलं. ती हसली नाही. बंडी उलटसुलट केली, कडेला बोट फिरवलं.

"शर्ट अख्खा आण म्हटलं, तर माणूस बाकीचं उघडं टाकून आला," ती म्हणाली. "हिला आता ठिगळ हवं. जाड हवं, लोकरीचं हवं. साधं कापड लावलं तर तू तिथंच गोठशील."

"चर्चची विक्री पुढच्या ऑक्टोबरात," विल्यो म्हणाला.

"आणि सगळा हिवाळा ट्रकमध्ये कशावर बसणार?"

तिनं घरभर नजर फिरवली. घरात तेवढी जाड लोकर एकाच ठिकाणी होती. विल्योच्याही ते लक्षात आलं. त्यानं शर्ट छातीशी धरला, मग हळूहळू सोडला. तिनं शिवणाच्या टोपलीतून कात्री काढली आणि मागच्या लांब भागावर खडूनं रेघ मारली.

"थोडं वर," विल्यो म्हणाला. "कमी पडायला नको."