दार उशिरा ऐकतं
लिफ्ट दुरुस्त करणारे मामा तीस वर्षं कानांनीच काम करत आले. पॅनेलमधले रिले, म्हणजे विजेचे खटके, टकटक वाजायचे आणि कुठली टक चुकली ते मामांना जिन्यातच कळायचं. मग नवे बोर्ड आले. तळहाताएवढे, आणि ठार मुके. चौपन्नाव्या वर्षी मामांनी प्रोग्रामिंगच्या क्लासला नाव घातलं.

"बाबा, डबा भरून देऊ का?" लेक चिडवायची.

शिकवणाऱ्या मॅडम लेकीच्याच वयाच्या. मामांचा पहिला प्रोग्राम छोट्या पडद्यावर अक्षरं सरकवायचा. मध्येच बटण दाबलं तर दिवा विझायला हवा होता. विझला, पण अक्षरं सरकून झाल्यावर.

"चाललं की!" मामा खूश.

"नाही चाललं, मामा. उशिरा आलेलं बरोबर उत्तर इथे चूकच. आधी बटणाचं ऐकायचं, अक्षरं थांबतील."

मामांनी तो प्रोग्राम अकरा वेळा लिहिला, तेव्हा कुठे जमला.

त्याच सुमारास मामांच्या देखभालीतल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचं कोपर लिफ्टच्या दारात सापडलं. मामा क्लासमधलं वेळ मोजायचं यंत्र मागून घेऊन आले आणि दिवसभर दारात काठी घालत बसले. सेन्सर तर लगेच ओरडत होता. पण आतल्या पडद्यावर सूचना सरकत असली, की दार जवळजवळ सेकंदभर ऐकतच नव्हतं.

"अरे, ही तर माझीच चूक," ते पुटपुटले. कुणीतरी शिकल्यासवरलेल्यानं केलेली.

दुरुस्ती चार ओळींची होती. पण चिपला बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं कुलूप. पडद्याची वायर काढली, तर बोर्ड लिफ्टच हलू देईना. कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, "तक्रार नोंदवलीय." तीन वेळा तेच.

मामांनी लिफ्ट बंद केली. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसरा मेकॅनिक आणून ती सुरू केली. "मामा, एका कोपरापायी सगळ्यांना जिने चढवता?"

मामा पाचव्या मजल्यावर गेले.

"बाई, अक्षरं सरकत असताना दारात पाऊल टाकू नका."

नर्सबाई हसल्या. "या डोळ्यांना दिसतात कुठे ती अक्षरं?"

आता दर मंगळवारी, नर्सबाईंच्या दवाखान्यात जायच्या वेळी, मामा येतात आणि दाराला खांदा लावून उभे राहतात. बाकीचे सहा दिवस त्यांच्या हातात नाहीत.