उभा पुठ्ठा

अंबरनाथच्या कारखान्यात मी छत्तीस वर्षं यंत्रभागांची ड्रॉइंग काढली. त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत आमच्या बदलापूरच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. निदान मी तसं समजतो.

बायको घरी बसून उल्हासनगरच्या वकिलांचं मराठी टायपिंग करते. प्रतिज्ञापत्रं, दावे, सगळं लांबड्या लीगल कागदावर. जुन्या बुटक्या स्क्रीनवर अर्धंच पान दिसायचं. पान वरखाली करत, मान पुढे काढून बसल्याने तिची मान धरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्क्रीन बदला नाहीतर काम सोडा. पन्नाशी उलटल्यावर शिकून तिने हे काम उभं केलं होतं. ते सुटलं असतं तर ती खचली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

म्हणून मॉनिटर निवडायचं मी अंगावर घेतलं. कारखान्याच्या सवयीने फ्रिजच्या खोक्याचे दोन पुठ्ठे खऱ्या मापात कापले. एक ऐसपैस रुंद, दुसरा साधा चोवीस इंची. ती काहीतरी सांगायला आली, तर मी म्हटलं, थांब, माप चुकेल. माझं मन रुंदावर बसलं होतं. टेबलभर पडदा, आणखी काय हवं?

संध्याकाळी पाहतो तर रुंद पुठ्ठा पलंगाखाली, आणि छोटा भिंतीला टेकून उभा. त्यावर एक लीगल कागद टाचलेला. तिने पसारा आवरला असेल असं समजून मी कागद फाइलमध्ये ठेवला आणि पुठ्ठे पुन्हा आडवे मांडले. दुसऱ्या दिवशीही तेच. मीही कमी नाही, पुन्हा आडवे केले.

तिसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या दुकानात जाऊन मी ऐटीत रुंद मॉनिटर मागितला. सिंधी दुकानदाराने विचारलं, "साईं, इसपे काम कौन करेगा?"

बायको, मी म्हणालो.

"फिर उनसे पूछा?"

मी रिकाम्या हाताने घरी आलो आणि तिला विचारलं. टाइप करता करताच ती म्हणाली, "दोन दिवस उभा करून ठेवतेय. तुम्ही आडवा करताय."

मला लाज वाटली. टेबल मोजलं होतं, भिंत मोजली होती. तिचं पान तेवढं मोजायचं राहिलं होतं.

मग आम्ही दोघं गेलो. स्टँडवर फिरवून उभा करता येणारा चोवीस इंची मॉनिटर तिनेच निवडला. घरी लावला तसं मथळ्यापासून सहीच्या जागेपर्यंत अख्खं प्रतिज्ञापत्र एका नजरेत आलं. पाठ खुर्चीला टेकवून तिने ते सावकाश वाचलं. मग वकिलांना फोन लावून सांगितलं, पुढच्या महिन्याचीही कामं पाठवा.

फोन ठेवून तिने माझ्यापुढे हात केला. खुर्चीची उंची तिला मोजायची होती. मी टेप तिच्या हातात दिली आणि दुसरं टोक धरून बसलो.